बालस्नेही गाडी

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील बालकांवर होणारे अत्याचार रोखणे अत्यंत निकडीचे असल्याने, ते कोणत्या कार्यक्रमाद्वारे रोखावेत हे सर्वप्रथम निश्चित करण्यात यावे, असा ठराव आमच्या बालरक्षा स्वयंसेवक मंचाने पहिल्याच बैठकीत एकमताने संमत केला. कार्यक्रम निश्चित होईपर्यंत अत्याचार करणाऱ्यांनी थांबावं की कसं, याचा उल्लेख ठरावात राहून गेला. ठराव मीच लिहिला होता. मी मंचाचा सरचिटणीस. बाकीचे लोक मन चांगलं म्हणून मंचात आले, मी अक्षर चांगलं म्हणून.

बैठका आमचे अध्यक्ष जतीनभाई यांच्या डहाणूतल्या चिकूवाडीत, बंगल्याच्या ओट्यावर होत. विषय लहान मुलांचा असल्यामुळे बैठक सुरू होताना जतीनभाई आपल्या दोन्ही नातवंडांना हाकलत. "चला, आत जा. मोठ्यांचं बोलणं चाललंय. तुमच्या कामाचं काही नाही." मग ढोकळा येई आणि आम्ही मुलांचा विचार करायला लागत असू.

विचार शास्त्रशुद्ध व्हावा म्हणून मयुराताई होत्या. त्यांनी पुण्यात प्रशिक्षण घेतलं होतं आणि तिथून त्या गुणांकन पद्धत घेऊन आल्या होत्या. प्रत्येक कार्यक्रमाला लोकसहभाग, दृश्यमानता आणि फोटो किती चांगले निघतील, अशा निकषांवर गुण द्यायचे. मूल वाचेल का, हा निकष मी सुचवला होता. तो मोजता येत नाही म्हणून वगळला गेला. मीही आग्रह धरला नाही. ढोकळा गरम होता.

पहिला प्रस्ताव भिंतीवर वारली चित्र काढण्याचा. त्याला फोटोंचे पैकीच्या पैकी गुण मिळाले. पण अडचण अशी की त्या चित्रात माणूस म्हणजे दोन त्रिकोण. वाईट माणूस दाखवायचा कसा?

"त्रिकोण मोठा काढा ने," जतीनभाई म्हणाले.

"मोठा काढला तर तो सरपंच वाटेल," मी म्हटलं.

"मग नको. सरपंचालाच उद्घाटनाला बोलवायचंय."

तेव्हा वाईट माणूस वगळून सगळे हात धरून गोल नाचतायत, असं चित्र ठरलं. असं चित्र तलासरीत प्रत्येक दुसऱ्या भिंतीवर आधीपासून आहे, हे नंतर लक्षात आलं.

दुसरा प्रस्ताव शाळांत जाऊन मुलांशी बोलण्याचा. मयुराताई म्हणाल्या, "त्यात शरीराच्या अवयवांची नावं घ्यावी लागतात."

सगळे ढोकळ्याकडे पाहू लागले.

"असं करू," जतीनभाई म्हणाले, "आपण खांद्याच्या वरचं नि गुडघ्याच्या खालचं बोलू. मधलं मुलं समजून घेतात."

एवढं झाल्यावर मयुराताईंनी सांगितलं की गावाची गरज जाणून घेतल्याशिवाय कार्यक्रम निवडणं अशास्त्रीय आहे. म्हणून आम्ही गरज जाणून घ्यायला तलासरी तालुक्यातल्या उधव्याला निघालो. गाडीचा प्रश्न हरिश्चंद्रभाईंनी सोडवला. त्यांची व्हॅन उधव्याच्या पाड्यांवरची मुलं सकाळी तलासरीच्या शाळेत सोडते आणि संध्याकाळी परत नेते. मधल्या वेळेत ती रिकामीच असते. त्यांनी आमच्याकडून डिझेलसुद्धा घेतलं नाही. "साहेब, पोरांचं काम हाय. पैसे घेतले तर हात झडतील." जतीनभाईंनी त्यांना गाडीतच मंचाचे सन्माननीय सहयोगी करून टाकलं.

उधव्यात अंगणवाडीत बाया जमल्या होत्या. मयुराताई म्हणाल्या, "इथे वातावरण सुरक्षित आहे. मनमोकळं बोला. तुमच्या मुलांची काही भीती वाटते का?" सुरक्षित वातावरणात हरिश्चंद्रभाई स्वतः फिरून बायांना पाण्याच्या बाटल्या देत होते.

मागच्या रांगेतून एक बाई उठली. नाव जयवंती. ढोबळी मिरचीच्या वाडीत कामाला जाणारी. काहीतरी बोलायचं ठरवून आलेली होती, हे दिसतच होतं. तिनं हातातली बाटली पाहिली, बाटली देणारा पाहिला.

"ताई, तुम्ही आलात कशानं?"

"ह्या हरिश्चंद्रभाईंच्या गाडीनं. का हो?"

"काय नाय. रस्ता खराब हाय ना, म्हणून विचारलं."

ती बसली. तिच्यामागे दुसरी कुणी उठलीच नाही. मी अहवालात लिहिलं, 'स्थानिकांची प्रमुख समस्या: रस्ता.'

पुढच्या बैठकीच्या दिवशी हीच जयवंती एसटीनं डहाणूला आली आणि चिकूवाडीचं फाटक उघडून थेट ओट्यापाशी उभी राहिली. आम्ही तिला खुर्ची दिली. ती पायरीवर बसली. तिला खुर्चीवर बसवण्यात आमची काही मिनिटं गेली, कारण समानता हे मंचाचं मूल्य आहे. ती पायरीवरच राहिली.

"माझी बारकी सहावीला हाय," ती म्हणाली. "हरिश्चंद्राच्या गाडीतून येते. आमचा पाडा शेवटाला. बाकीची पोरं उतरली का तो तिला बोलतो, मागं काय बसलीस, पुढं ये. आता पोर एक पाडा आधीच उतरते नि रानातून चालत येते. मी विचारलं, तर बोलते, पाय मोकळे करते." तिनं हातातलं एसटीचं तिकीट दुमडलं. "शाळेत जायचं नाय बोलते. ती शाळेसाठी रडायची, ताई. सुट्टीच्या दिवशी रडायची."

ढोकळ्याची बशी हातात तशीच राहिली. मयुराताईंनी चष्मा काढला आणि अत्यंत मायेनं विचारलं, "काही घडलंय का?"

"घडू नये म्हणून तर आली मी."

"म्हणजे घडलं नाही. मग आपल्याकडे आधार काय? एखाद्या माणसाची बदनामी होते, ताई."

"बरं. मग घडल्यावर येते."

"नाही नाही. घडल्यावर पोलिसांकडे. आपला मंच प्रतिबंधाचा आहे. घडून गेलेलं आपल्या कक्षेत येत नाही."

जयवंतीनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "घडायच्या आधी आली तर आधार नाय. घडल्यावर आली तर तुमचं काम नाय. मग तुमच्याकडं कवा यायचं?"

प्रश्न मूलभूत असल्याचं सर्वांनी मान्य केलं. तो अभ्यासगटाकडे पाठवण्यात आला. अभ्यासगट म्हणजे मी. बालकांसाठीचा मदत क्रमांक, एक शून्य नऊ आठ, आमच्या मागे टांगलेल्या बॅनरवर हाताएवढ्या अक्षरांत छापलेला होता. तिथून फोन लावता आला असता. पण फोन हा कार्यक्रम नव्हे.

"तुम्हाला काय हवंय, ते तरी सांगा," जतीनभाई म्हणाले.

"गाडीत एक बाई बसवा. संध्याकाळच्या फेरीला. शेवटचं पोर उतरेस्तोवर. बस."

वास्तविक हा प्रस्तावच होता, म्हणून मयुराताईंनी त्याला नियमाप्रमाणे गुण दिले. लोकसहभाग: एक बाई. दृश्यमानता: गाडीच्या आत. फोटो: बसलेली बाई. उद्घाटन करता येत नाही, कारण बाई बसली की कार्यक्रम सुरूच होतो. समारोपही नाही, कारण रोज बसावं लागतं. प्रस्ताव शेवटच्या क्रमांकावर गेला. नाचणारे त्रिकोणसुद्धा त्याच्या वर होते.

"आणि रोज जाणार कोण?" जतीनभाईंनी विचारलं. आम्ही सगळे स्वयंसेवक एकमेकांकडे पाहू लागलो. मला त्या वेळी प्रथमच कळलं, की स्वयंसेवक म्हणजे स्वतः ठरवायचं, सेवा दुसऱ्यानं करायची.

जयवंती उठली. मयुराताईंनी तिच्या हातावर वाडीतले चार चिकू ठेवले. ती गेल्यावर, अशा महिलांचं सक्षमीकरण व्हायला हवं, असं त्या म्हणाल्या.

झालं काय, की ती आमची वाट न पाहता परस्पर सक्षम झाली. पाड्यावरच्या दोघीतिघींनी पाळी लावली. मिरचीच्या वाडीतून लवकर सुटायचं, मुकादमाच्या शिव्या खायच्या, शाळा सुटायच्या आत तलासरीला पोहोचायचं आणि पुढच्या सीटवर पिशवी घेऊन बसायचं. बारकी पुन्हा आपल्या पाड्यावर उतरू लागली. गाडीत पोरांचा आवाज इतका चालायचा, की चौकात उभ्या माणसाला गाडी यायच्या आधी ऐकू यायची. हे मला उधव्याच्या बाजारात कळलं. मला आनंद झाला. मी तो अहवालात घेतला नाही, कारण कार्यक्रम आपला नव्हता.

मग हरिश्चंद्रभाई ओट्यावर आले. डोळ्यांत पाणी होतं.

"साहेब, गाडीला माणसांची मर्यादा हाय. त्यात ह्या बाया बसतात. उद्या आरटीओनं धरलं तर धरलं, मी दंड भरीन. पण पलटी झाली तर? पोरांच्या जिवाशी खेळ मला नाय बघवत."

आम्ही हेलावलो. इतक्या बैठकांत मुलांच्या जिवाबद्दल इतकं थेट कोणी बोललं नव्हतं. शिवाय हा मुद्दा मोजता येत होता. तेव्हाच ठराव झाला: 'बालकांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने पालकांनी, विशेषतः मातांनी, शालेय वाहनातून प्रवास करू नये.' पत्र मी लिहिलं. शाळेच्या फलकावर लागलं, तेव्हा येणारे-जाणारे थांबून अक्षर पाहत होते.

आणि या घटनेतूनच आम्हाला आमचा कार्यक्रम सापडला. मयुराताई म्हणाल्या, "ज्या चालकाला मुलांची एवढी काळजी आहे, तो समाजापुढे यायला नको का?" कार्यक्रमाचं नाव: बालस्नेही गाडी. गाडीत प्रथमोपचार पेटी हवी, कागदपत्रं हवीत आणि चालकानं हात पुढे करून शपथ घ्यायला हवी. मग मंचातर्फे गाडीला स्टिकर. सर्व निकषांवर सर्वाधिक गुण. पहिली गाडी कोणाची, यावर चर्चासुद्धा झाली नाही.

स्टिकर वापीहून छापून आला. जतीनभाईंनी सांगितलं होतं, "लांबून दिसला पाहिजे." त्यामुळे तो मागच्या काचेएवढा झाला. त्यावर हसरा सूर्य, दोन मुलं आणि 'या गाडीत आपले मूल सुरक्षित आहे' ही ओळ. ओळ माझी. बाजूच्या काचांसाठी देणगीदारांच्या नावांचे वेगळे.

उधव्याच्या बाजाराच्या दिवशी सोहळा झाला. हरिश्चंद्रभाईंनी शपथ घेतली, सरपंचांनी नारळ फोडला. मी मागच्या काचेवर स्टिकर चिकटवत होतो. पट्टीनं दाबून दाबून एकही फुगा राहू दिला नाही. शेजारी कोणीतरी उभं होतं. वळून पाहिलं तर जयवंती, आणि तिचा पदर धरून बारकी.

"भाऊ," ती म्हणाली, "काच होती ती."

"काचच आहे, ताई. वर संदेश आलाय."

बारकीनं कपाळ काचेला लावून, दोन्ही हातांचा आडोसा करून आत पाहायचा प्रयत्न केला. तिला काहीच दिसलं नाही. मी तिला एक छोटा स्टिकर दिला, दप्तराला लावायला. तिनं तो घेतला नाही. दप्तर नव्हतंच तिच्याजवळ.

बारकी आता आईबरोबर मिरचीच्या वाडीत जाते. चालत. आमच्या वार्षिक अहवालात उधवा मार्गावर तक्रारींची संख्या शून्य आहे, आणि शून्य ही संख्या यावर्षी पहिल्यांदाच मोजता आली. शेवटचं उतरणारं मूल आता जानी. ती पाचवीला आहे. पाय मोकळे करायला ती कुठे उतरते का, ते बाहेरून दिसत नाही.

कार्यक्रम वाढतो आहे. हायवेवर गुजरातच्या हद्दीशी, अच्छाडच्या नाक्याजवळून कधी जाल, तेव्हा ट्रकांच्या गर्दीत एखादी व्हॅन तुमच्या पुढे असेल. संध्याकाळची वेळ, मागच्या काचेवर हसरा सूर्य. तुम्ही ती ओळ वाचाल. कुणीतरी काहीतरी करतंय, या जाणिवेनं तुम्हाला बरं वाटेल. बायकोला म्हणाल, बघ, अजून चांगली माणसं आहेत. फोटोही काढाल.

मग हॉर्न द्याल. हरिश्चंद्रभाई सज्जन माणूस, लगेच बाजू देतील. तुम्ही पुढे निघून जाल.

आम्ही स्टिकर तुमच्यासाठीच लावलाय. आतल्या मुलीला तो उलटा दिसतो.