राक्षसाच्या गुहेची पैमाईश

गंगाधरकाकांना राक्षसाचं भय वाटत नाही. त्यांना एवढंच पाहिजे असतं, की त्याच्या गुहेला गाडीवाट कुठून आहे.

काका जमीन मोजणीतून निवृत्त झालेले. मावला गावात एकटेच राहतात. दर रविवारी दुपारी आम्ही तिघं त्यांच्याकडे खेळायला जमतो: मी, मेडिकलवाला रमेश आणि शाळेत शिकवणारी श्वेता. खेळ श्वेतानं हैदराबादहून आणला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी योद्धे व्हायचं, मार लागला की हुकला ते फासा ठरवणार. टेबलावर चौकटींचा रणांगणाचा नकाशा आणि त्यावर योद्धे म्हणून शर्टाची बटणं.

श्वेता छापील नकाशे आणायची. पहिल्याच नकाशावर काकांनी चष्मा पुसला.

"एवढा मोठा जीव, पाणी कुठं पेते हा?"

त्यांनी ओढा काढला. मग ओढ्यातून गाडी पार जायला रपटा, गुहेमागं संडास आणि भोवती चार जणांची कापसाची वावरं. तेव्हापासून नकाशाचं खातं त्यांच्याकडेच गेलं, आणि लढाया लांबू लागल्या. एकदा रमेशनं राक्षसावर तलवार उगारली, तर काकांनी पट्टी आडवी धरली.

"थांब. हद्द पाह्य आदी. शेपटी जैनथच्या शिवारात जाऊन राह्यली."

"मग काय झालं, काका?"

"मंग डोक्यावर मार. शेपटीले हात लावशीन तं तिकडून अर्ज येईन."

राक्षस त्या दिवशीही वाचला.

यंदा श्वेताला वरंगलला नोकरी लागली. शेवटच्या रविवारी तिनं बजावलं, "काका, आज त्याला मारूनच जाणार मी."

काकांनी ना हद्द काढली, ना पट्टी. पहिल्याच फाशाला राक्षस मेला. इतक्या सहज, की आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग त्यांनी नकाशाला एक नवा कागद चिकटवला. ओढ्याकाठी एक खोली, पूर्वेला खिडकी, चूल, पलंग. पलंगावरची चादरसुद्धा रंगवलेली.

"इथं कोणाशी लढायचं?" श्वेतानं विचारलं.

"कोनाशीच नाई. घर हाय हे." त्यांनी तिचं निळं बटण उचलून पलंगावर ठेवलं. "तू गेल्यावर हिले काय डब्यात कोंबू मी?"

श्वेता खिडकीबाहेर बघत बसली. काका कागदाच्या कडेला उगाच डिंक लावत राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघंच गेलो. नकाशा मांडलेला होता. नवा राक्षस ओढ्यापलीकडे, आणि सरळ वाट त्या खोलीवरून. रमेशनं आपलं बटण पुढे सरकवलं.

काकांनी हलकेच त्याचा हात धरला.

"तिकून नको," ते हळू आवाजात म्हणाले, "झोपली असन ते. वळसा घालून जा."

आम्ही वळसा घातला.