घसरणस्थळ निवड समिती

पाणी शून्य अंशाला गोठतं, हे विज्ञानाने सिद्ध केलेलं आहे. एखादं कुटुंब मात्र नेमक्या कोणत्या तापमानाला निर्णय घेतं, यावरचं संशोधन अपुरं आहे. ते तापमान सोलापुरात उपलब्ध नाही, एवढंच तूर्त म्हणता येईल.

भुवनेश्वरी सोलापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. दरवर्षी घर्षणाचा धडा आला की ती सांगे, "बर्फावर घर्षण फार कमी असतं, म्हणून माणूस पायाला पट्ट्या बांधून डोंगरावरून घसरत जाऊ शकतो." मुलं घाम पुसत हे लिहून घेत. यंदा ऋतुजा नावाच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, तुमी घसरलाय का कधी?"

वर्ग हसला. भुवनेश्वरी म्हणाली, "पुस्तकात आहे." आणि मग हे उत्तर तिलाच दिवसभर टोचत राहिलं. प्रयोगाशिवाय काही मानू नका असं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईने असं उत्तर देऊ नये. तिने ठरवलं, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शिल्लक रजा घ्यायची, सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी परत यायचं, आणि मधल्या दिवसांत हिमालयातल्या एखाद्या बर्फाळ उतारावरून, एकदा का होईना, स्वतःच्या पायांनी घसरायचं.

हे तिने नवऱ्याला सांगितलं. गुरु सज्जन होता. (सज्जन म्हणजे, कोणतीही गोष्ट ज्याच्या पोटात फक्त जेवणाच्या ताटापर्यंत टिकते असा मनुष्य.)

"घसरायला?" सासरे मल्लप्पांचा भाकरीचा घास हातातच राहिला. "पैसं दिऊन?"

"व्हय अप्पा. स्कीइंग म्हणत्यात त्याला," गुरु म्हणाला.

"हितं पोरं फुकट घसरत्यात की!"

"ब्याड, ब्याड," सासूबाई दाक्षायणी म्हणाल्या. (म्हणजे नको. या घरात परवानगी मराठीत मिळते आणि नकार कन्नडमध्ये. त्यामुळे नकार जास्त अस्सल वाटतो.)

पण मल्लप्पा लोकशाहीवादी होते. दुधनीच्या बाजारात त्यांनी उभी हयात तुरीचे सौदे पुकारले होते. चार माणसांनी आरडाओरडा केल्याशिवाय कोणतीही गोष्ट ठरते यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी ताबडतोब घसरणस्थळ निवड समिती स्थापन केली. अध्यक्ष स्वतः. आहार व आरोग्य दाक्षायणीकडे. सचिव गुरु (काम: व्हय म्हणणे). भुवनेश्वरीला मताधिकार नसलेली निमंत्रित सदस्य करण्यात आलं, कारण जिला जायचं आहे तिचं मत निःपक्षपाती असू शकत नाही. या युक्तिवादात दोष काढणं अवघड आहे. तिने काढून पाहिला.

तांत्रिक तज्ज्ञ म्हणून गुरूच्या थोरल्या बहिणीचे यजमान, बसूदाजी, यांना बोलावण्यात आलं. होटगी रस्त्याला त्यांचा बर्फाचा कारखाना होता. तिथला बर्फ उजनी धरणाकाठी मासळीसाठी जाई. (बर्फ स्वतः शाकाहारी असतो, पुढे तो कुणावर पडतो यावर कारखान्याचं नियंत्रण नसतं.) दाजी आले तेच दुखावलेले आले.

"भुवना, घरचा बर्फ सोडून परका बर्फ? लोक काय म्हणतील मला?"

"दाजी, तिकडं तो आभाळातून पडतो."

दाजींनी तिच्या मोबाइलमधला हिमालय दोन बोटांनी मोठा करून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "ह्यो तर भुगा हाय! लादी कुटं हाय ह्यात? भुगा आमी गिऱ्हाईकाला फुकट देतो."

हिमालयात मिळणारा माल दुय्यम प्रतीचा असल्याची नोंद करून समितीने पुढचा विषय घेतला.

भुवनेश्वरीने ठिकाणांचा तक्ता केला होता: उताराचा कोन, बर्फाची खोली, प्रवासाचे तास, प्रशिक्षक. समितीने तो कौतुकाने पाहिला आणि ठिकाणांचा विचार नावांवरून केला. बर्फ वितळतो, नाव कायम राहतं. गुलमर्ग बाद झालं, कारण बत्ती गुल होते तसा तिथे मार्ग गुल होणार हे त्या गावाने नावातच कबूल केलं होतं. औली हे अवली माणसांचं गाव निघालं. सोलांग ऐकताच दाक्षायणी म्हणाल्या, "अंग सोलून निघतंय म्हण तितं," आणि खोबरेल तेलाचा साठा कमी असल्याने तेही गेलं. राहिलं नारकंडा. मल्लप्पांनी ते सावकाश, फोड करून उच्चारलं. सुरुवातीला नरक आणि शेवटी अंडा. शिवभक्त, शाकाहारी घराला ते दोन्ही टोकांनी बंद होतं. त्यांनी उठून चूळ भरली.

"परत ह्या घरात त्याचं नाव काढायचं न्हाय."

दरम्यान भिंतीपलीकडच्या गौरम्मांनी अर्धं ऐकलं होतं. सकाळी त्यांनी सांगितलं की भुवनेश्वरी घसरायला निघाली आहे. दुपारपर्यंत गल्लीत ती घसरली होती. संध्याकाळी तिच्या माहेरी सांगोल्याला बातमी पोचली की तिचा पाय घसरला, आणि भावाचा फोन आला, "ताई, कोण हाय त्यो?" बातमीच्या मार्गावर घर्षण किती कमी असतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण तिला कोणत्याही पुस्तकात मिळालं नव्हतं.

डिसेंबर सरत आला. तिने विचारलं, "मामा, मग ठरलं काय?"

मल्लप्पा म्हणाले, आधी चाचणी. सुनेला घसरता येतं की नाही हे न बघता परमुलखात पाठवणं बेजबाबदारपणाचं झालं असतं. चाचणी दाजींच्या कारखान्यावर ठेवण्यात आली. तिथे लाद्या टेम्पोपर्यंत सोडायला ओल्या फळ्यांचा उतार होता, खाली भुशाचा ढीग. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली होती.

अध्यक्षांनी पाहणीसाठी लादीवर सोलापुरी चादर अंथरली आणि वर बैठक मारली. लादीला ते अध्यक्ष असल्याची कल्पना नव्हती. ती निघाली. मल्लप्पा "बसू" एवढंच म्हणू शकले आणि थेट भुशात शिरले. दाक्षायणींनी सिद्धरामेश्वराचा धावा सुरू केला. मग ढिगाच्या आतून आवाज आला.

"बसू, परत वर घे मला."

त्या दिवशी अध्यक्ष जेवणाची सुट्टी वगळता घसरतच होते. पाहणीत शंभर टक्के पर्यटक (एकूण एक) समाधानी आढळल्याने समितीने एकमताने हाच कारखाना निवडला. घरचं जेवण, अस्सल लादी, हिमकडे कोसळण्याचं प्रमाण शून्य. चार दिवसांत दुधनीचे पाहुणे चादरी घेऊन रांगेत उभे राहिले आणि दाजींनी भुगा फुकट देणं बंद केलं.

भुवनेश्वरीलाही एकदा लादीवरून सोडण्यात आलं.

"फिटली की हौस!" दाक्षायणी तिच्या केसांतला भुसा झटकत म्हणाल्या.

"अत्ती, मी बर्फावरून नाही घसरले. बर्फच मला घेऊन फळीवरून घसरला."

समितीने हा मुद्दा तांत्रिक म्हणून तांत्रिक तज्ज्ञांकडे पाठवला. तज्ज्ञ तेव्हा तिकिटं फाडत होते.

जानेवारी लागताच ती दिल्लीच्या गाडीला बसली. पुढे नारकंडा. समितीने कायमची बाद केलेली जागा ती एकच, म्हणजे तिथे ओळखीचं कुणी भेटण्याचा धोकाही नव्हता. बॅग स्टेशनवर गुरूने आणली. खिडकीशी उभा राहून त्याने विचारलं, "समितीला काय सांगू?"

"सांगा, निमंत्रित सदस्य गैरहजर."

"व्हय," सचिव म्हणाले.

तिसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर फोटो आला. पांढरा उतार, त्यावर दोन वाकड्या रेघा, आणि रेघांच्या शेवटी बसलेली, नाकापर्यंत पांढरी झालेली भुवनेश्वरी. खाली लिहिलं होतं, "मामा, सहा वेळा पडले. सातव्यांदा घसरले. पुस्तकात आहे ते बरोबर आहे."

दाजींनी विचारलं, भुगा कसा किलो. दाक्षायणींनी विचारलं, जेवलीस का, त्यात अंडं न्हाय ना. अध्यक्ष बराच वेळ टाइप करताना दिसत होते. शेवटी त्यांचा संदेश आला: "उतार किती हाय तितं?"

आता वाचकांविषयी. 'एकटीच गेली? मग इकडे स्वयंपाक कुणी केला?' हा प्रश्न ज्यांच्या मनात आला, त्यांची समितीवर नेमणूक झाली आहे. ज्यांच्या मनात आला नव्हता, त्यांच्याही तो आत्ता आला असेल, तेही आलेच. बैठक रविवारी कारखान्यावर आहे. बसायला लादी मिळेल, चादर आपापली आणावी. नेमणूक नको असल्यास तसं कन्नडमध्ये कळवावं. मराठीतला नकार होकार धरला जाईल.