कूलरच्या स्टँडची कला

मुलाच्या मेहरूण भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्याबरोबर सुकदेवनानांचं डोकं फिरलं. धुळ्यात चाळीस वर्षं फाटकं, ग्रिल आणि कूलरचे स्टँड बनवणाऱ्या माणसाच्या पोराच्या हॉलमध्ये, ऐन मधोमध, गंजलेलं लोखंड! वर एक लाकडी फळी, आणि सांध्यांवर वेल्डिंगचे हे एवढाले फोड.

"हाऊ ते कूलरना स्टँड शे. हाई वेल्डिंग कोनी करी?"

"नाना, हे टेबल आहे," सून नूतन म्हणाली. "इंडस्ट्रियल लूक म्हणतात याला. पुण्याच्या कलाकाराने भंगारातून निवडलंय. लोखंडाला हातही लावला नाही, फक्त वर फळी बसवली."

नानांच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर ज्या गंजाशी झगडलो त्याच्यावरच आता चहाचा कप ठेवायचा? आणि फळी ठेवणारा कलाकार, तर मग आम्ही कोण?

रविवारी संध्याकाळी नूतनच्या ऑफिसातल्या मॅडम मुद्दाम हे टेबल बघायला येणार होत्या. नवराबायको सकाळीच पाचोऱ्याला हळदीला गेले. परक्या बाईसमोर घराची शोभा व्हायला नको म्हणून नानांनी ओळखीच्या लोटन मिस्त्रीचा ग्राइंडर आणला. गंज खरवडला, फोड घासले, रेड ऑक्साइड मारला आणि उन्हात वाळवून चकचकीत चंदेरी रंग दिला. आता कुठे ते खानदानी दिसायला लागलं.

परत आलेल्या नूतनने दारातच कपाळावर हात मारला. "नाना, गंजासाठीच घेतलं होतं हो ते."

नाना उलट तिच्यावरच उखडले. ज्याने ही वेल्डिंग केली त्याला समोर आणा, म्हणाले, कान धरून शिकवतो.

नानांच्या मुलाने, योगेंद्रने, टेबल बाल्कनीत लपवायला उचललं, आडवं केलं आणि तो तसाच थांबला. फळीच्या खाली, ग्राइंडर पोचला नव्हता तिथे, वेल्डिंगचे तीन ठिपके होते. आपल्या हातच्या प्रत्येक कामावर नाना हीच खूण सोडत. धुळ्याच्या घराच्या फाटकावरही ती आहे.

"नाना, तुमचाच आहे हा स्टँड."

नाना चष्मा लावून वाकून बघायला लागले. तेवढ्यात बेल वाजली. मॅडम आत आल्या, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि त्यांनी विचारलं, "कलाकार कोण?"

नूतनने मान खाली घातली. नानांनी सदरा सारखा केला.

"मीच," ते म्हणाले. "फक्त वेल्डिंग बघू नका, बाई. त्या वर्षी व्होल्टेज फार कमी व्हतं."