निरोगी माणसाचा नमुना

मॅडमच्या प्रयोगशाळेत सकाळपासून खळबळ होती, कारण यंत्राने एका निरोगी माणसाला आजारी ठरवलं होतं.

मॅडमचा विषय न्यूमोनिया. पेशींभोवती प्रथिनांचं एक जाळं असतं. फुप्फुसात जंतू शिरले की त्या जाळ्याचे तुकडे पडतात आणि ते संरक्षक पेशींना हाका मारत सुटतात. हाका फार झाल्या, की मदतीला आलेलेच घर मोडतात. आजाऱ्यांच्या रक्तात हे तुकडे भरपूर, निरोग्यांच्या नगण्य, एवढं दाखवलं की सोमवारच्या परिषदेत मॅडमचं नाव होणार होतं. सगळे नमुने शहाण्यासारखे वागले. निरोगी गटातला शेवटचा तेवढा बिथरला.

"यंत्र बिघडलंय," मॅडम खोकत म्हणाल्या.

यंत्रवाला येऊन गेला. यंत्र ठणठणीत. मग रसायनाची नवी बाटली फोडली. आकडा तोच. मग पाळी सहायिकेची.

"तूच नळ्यांची अदलाबदल केलीस!"

बिचारीने मॅडमच्या डोळ्यांदेखत सगळं पुन्हा केलं. आकडा ढिम्म हलेना. तेवढ्यात आईचा फोन.

"अगं, आठवडाभर खोकतेस. डॉक्टरकडे गेलीस का?"

"आई, मी न्यूमोनियावर व्याख्यानं देते. मला कळणार नाही? धुळीचा खोकला आहे." फोन ठेवून मॅडमनी शाल घट्ट लपेटली. "तो एसी बंद कर गं."

"बंदच आहे, मॅडम," सहायिका म्हणाली. मग दबकत तिने विचारलं, "हे रक्त दिलं कुणी?"

"मीच. परवा दाता आलाच नाही. म्हटलं, मी आहे की धडधाकट!"

पुढची खोकल्याची उबळ बराच वेळ चालली. ती थांबेपर्यंत सहायिकेने रिक्षा बोलावली होती.

संध्याकाळी मॅडम रुग्णालयात, नाकात ऑक्सिजनची नळी. "आणखी उशीर केला असतात, तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टर म्हणाले. मॅडमना भीतीही वाटली आणि हसूही आलं. स्वतःचंच रक्त ओरडून सांगत होतं आणि मॅडम सहायिकेला झापत होत्या!

सहायिकेचा फोन आला. "मॅडम, तुमचा नमुना काढून टाकला. बाकी सगळं पक्कं! फक्त एक निरोगी माणूस कमी पडतोय."

उशाशी बसलेल्या आईने बाही वर सारली. "माझं रक्त घ्या म्हणावं. पण आधी माझी छाती तपासा. आमच्या घरात 'मला काही झालेलं नाही' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही."