मास्तरांचं फ्रेंच गाव

दत्तोपंत मास्तर कोणाच्याही घरी गेले की आत शिरण्याआधी दारातल्या वहाणा मोजत. मोजून झाल्या की उंबऱ्यावरूनच विचारत, "भागूबाई, घरात माणसं चार आणि वहाणा पाच जोड. पाचवा कोण?"

"मास्तर, त्या मामंजींच्या हायेत. त्यास्नी जाऊन साल झालं."

"ठीक आहे. पण संशय राहतो."

"संशय राहतो" हे त्यांचं पालुपद. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत ते हेडमास्तर आणि मी दुय्यम. शिक्षक दोनच, त्यामुळे संशयाला मी कायमचा हाताशी. एकदा घंटेची हातोडी गायब झाली. मास्तरांनी तीन दिवस तपास केला, माझ्या टेबलाचा खण दोनदा उपसला, आणि ती निघाली त्यांच्याच मिटलेल्या छत्रीत. "संशय स्वतःवरही ठेवावा लागतो," असं मलाच बजावून ते वर्गावर गेले.

या सगळ्याच्या मुळाशी एक पुस्तक होतं. भिंगारच्या लष्करी छावणीतून निघालेल्या रद्दीत त्यांना एक इंग्रजी कादंबरी मिळाली होती. फ्रान्समधलं एक खेडं, एका सकाळी तिथला पाणचक्कीवाला मरून पडलेला, आणि सगळं गाव तोंड शिवून बसलेलं. पॅरिसहून डिटेक्टिव्ह येतो. जो तो त्याला सांगतो, मला काही ठाऊक नाही. मास्तर दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की चावडीत बसून हे पुस्तक वाचून दाखवत. नजर इंग्रजीवर, तोंडात मराठी. एकदा संपलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि दर खेपेला थोडं वेगळं.

"ते गाव लई शानं हाय," पाटील दर वेळी म्हणत. "मेला तो मेला. जित्यांना कशापायी फासावर द्यायचं?"

"पाटील, तुम्ही खुन्याला सामील आहात!"

"मी पारनेरच्या म्होरं कंदी गेलो न्हाई, मास्तर."

मग बेचाळीस साल आलं. मास्तरांचा मुलगा माधव पुण्याला कॉलेजात होता. मास्तरांची बायको त्याच्या लहानपणीच गेली होती. स्वतःच्या हातच्या भाकऱ्या खाऊ घालून त्यांनी त्याला वाढवला होता. तारा तोडल्याच्या आरोपावरून त्याच्या नावानं वॉरंट निघालं आणि पोरगा फरारी झाला. एका बाजारच्या दिवशी तो गर्दीतून गावात आला, तो बापाच्या घरी नाही, पाटलांच्या घरी. बापाच्या घरावर पोलिसांची नजर होती. पाटलांनी त्याला मळ्यातल्या खोपीत ठेवला. चार दिवसांत साऱ्या गावाला कळलं, मलाही कळलं. फक्त मास्तरांना सांगायचं नाही असं ठरलं.

"मास्तरच्या तोंडात तीळ भिजत न्हाई," पाटील म्हणाले.

ते खोटं नव्हतं. फौजदार चौकशीला आला तेव्हा मास्तरांनी त्याला बसवून घेतलं आणि स्वतःच तर्क मांडला, "माधवला शेंगांची चटणी आवडते. तेव्हा तो सोलापूरकडे गेला असणार." फौजदारानं ते चक्क लिहून घेतलं. आम्ही हबकलो. तपासाच्या नादात हा माणूस पोटचं पोर पकडून द्यायचा, असं मला वाटलं, आणि मनातून त्यांचा रागही आला.

रोज शाळेत ते मला विचारत, "काही कळलं का हो?" मी म्हणे, "नाही, मास्तर." ते माझ्याकडे बघत आणि म्हणत, "संशय राहतो." मग दोघं मुलांचे पाढे घ्यायला लागत असू.

शनिवारचं वाचन चालूच होतं, आणि त्या वर्षी ते आमच्या फार उपयोगी पडलं. सुरुवातीला पाटलांच्या घरून मळ्यावर रोज सहा भाकऱ्या जात, तिथं राखणीला एकच म्हातारा असताना. त्या शनिवारी फ्रेंच गावातल्या विधवेनं पाववाल्याकडून एक पाव जास्त घेतला आणि डिटेक्टिव्हनं तिला तिथंच पकडलं. दुसऱ्या दिवसापासून गावातलं एकेक घर पाळीपाळीनं एकेक भाकरी देऊ लागलं. पुढं भागूबाईनं माधवचा सदरा धुऊन कुंपणावर वाळत घातला, तर शनिवारी त्या गावातही कुंपणावरच्या शहरी सदऱ्यानं घात केला. एकदा मास्तरांनी वाचलं, की गावकरी कुठं बघायचं टाळतात तेवढंच डिटेक्टिव्ह पाहतो. पुढच्या खेपेला फौजदार आला तेव्हा सगळी चावडी मान वळवून टक लावून मळ्याकडे बघत बसली.

"काय आहे तिकडं?" फौजदार म्हणाला.

"कांदा, साहेब," पाटील म्हणाले. "औंदा झकास आलाय."

"बुक लई कामाचं हाय," असं मग सगळेच म्हणू लागले.

दुसऱ्या हिवाळ्यात माधवला हिवताप झाला. डॉक्टर पारनेरला. त्याला आणावं तर तालुक्यात बोभाटा. न आणावं तर पोरगं हातचं जातंय. आणू, उद्या आणू, असं करत आम्ही पाच दिवस घालवले. त्या पाच दिवसांबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी तो गेला.

नेमका त्याच दिवशी दुसऱ्याच कोणाचं समन्स घेऊन एक शिपाई गावात आलेला. माधवच्या दाढी न् जटा वाढलेल्याच होत्या. मळ्यात एक वाटसरू बैरागी मेला, असं पाटलांनी शिपायाला सांगितलं. शिपाई ओढ्यापर्यंत आमच्याबरोबर आला. सरण रचून झालं आणि अग्नी कोणी द्यायचा यावर सगळं अडलं. तेवढ्यात मास्तर छत्री घेऊन आले.

"बेवारशी आहे ना? मग मी देतो," ते म्हणाले. "फ्रान्सात असा माणूस मेला की शाळामास्तरच अग्नी देतो."

शिपाई हसला. फ्रान्सात माणसाला पुरतात, हे मास्तरांनीच आम्हाला कितीदा वाचून दाखवलं होतं. मास्तरांनी चेहऱ्यावरचं फडकं बाजूला केलं, थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा नीट झाकलं. मग अग्नी दिला.

त्या शनिवारी ते चावडीत आले नाहीत. "पुढचं तुम्ही वाचा," असा निरोप आणि पुस्तक माझ्याकडे आलं. माझं इंग्रजी बेताचं. डिक्शनरी घेऊन मी ते दोन दिवस चाळलं. त्यात पाववाला नव्हता, विधवा नव्हती. कुंपणावरचा सदराही नव्हता. आम्ही चुकलो की त्या शनिवारी मास्तर आपल्या मनानं रचून सांगत होते. मळा चावडीपासून हाकेच्या अंतरावर, पण पोलीस मागोमाग येतील म्हणून सव्वा वर्षात हा बाप त्या वाटेला एकदाही फिरकला नव्हता.

मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण त्यांनीच आधी विचारलं, "शेवटी काही खाल्लं का त्यानं?"

आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. "पेज घेतली दोन घोट. साखरेचा चहा मागत होता. लढाईच्या कंट्रोलमुळे साखर कुठंच नव्हती. पाटलांनी घरोघर विचारलं. गुळाचा करून दिला, तो नको म्हणाला."

"घरोघर विचारलं?"

"तुमचं घर सोडून."

मास्तर उठले. फळीवरचा डबा काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवला आणि झाकण उघडलं.

"माझ्याकडे होती हो," ते म्हणाले. "चांगली पावशेर होती."