वैनींच्या मापाची गाडी

समोरच्या श्रीनिवासअण्णांचा चेहरा कसा आहे असं कुणी अवचित विचारलं, तर मी जरा अडखळेन. पाय मात्र डोळे मिटून सांगीन. उजव्या अंगठ्याचं नख काळं, डाव्या टाचेला भेग आणि दोन्ही पावलांना ग्रीस. हा माणूस सकाळची कॉफी झाली की आपल्या लाल गाडीखाली उताणा शिरे, आणि गल्लीसाठी फक्त पाय बाहेर ठेवी. पोस्टमन पायांना हाक मारी. दूधवाला पायांना विचारी. उजवा अंगठा हलला तर हो, डावा हलला तर नाही, दोन्ही हलले तर 'आत जाऊन बायकोला विचारा'. लग्नानंतर पाया पडायला आलेल्या जोडप्यांची तर फारच सोय. पाय तयारच असत. आशीर्वाद गाडीखालून येई, आणि कधीकधी त्याच्या पाठोपाठ 'तो पान्हा जरा इकडे सरकवा' असंही येई.

आम्ही तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली मंडळी. दारावरच्या पाट्या तमिळ, आतलं भांडण मराठी. आमचं बोलणं ऐकून पुण्याकडचे पाहुणे हसतात. हसोत बापडे. आम्ही अजून 'मज' आणि 'तुज' म्हणतो, आणि एखादी गोष्ट पटली की 'सेरी' म्हणतो, त्यात आमचं काही बिघडलेलं नाही.

अण्णांची सगळी नोकरी कालव्यांच्या खात्यात गेली. पाण्याची लोखंडी दारं वर करायची, खाली करायची, त्यांना वंगण घालायचं. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. अण्णा निलगिरीला गेले आणि कुठल्याशा चहाच्या मळ्यातल्या शेडमधून ही विलायती गाडी घेऊन आले. दोघांचीच, बुटकी, टप नसलेली. एके काळी ती शर्यतीत धावायची म्हणे. आमच्या गल्लीत ती लॉरीवर पडून आली, आणि तिच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसलेली होती. देशस्थांच्या दारात कोंबडी! अंबूवैनी, म्हणजे अण्णांच्या बायको, दूध उतू गेलेलं तसंच सोडून बाहेर आल्या. त्यांनी कोंबडीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सवत आणलीत ती आणलीत, ती पण टकली. वर लेकुरवाळी."

त्या दिवसापासून गल्लीत गाडीचं नाव सवत पडलं.

विलायती सामान इथे कुठून मिळायचं? अण्णांनी भातशेतीवरच्या पंपांचे भाग तिच्या पोटात घातले. त्यामुळे ती सुरू झाली की गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाणी सोडल्याचा भास होई. रेडिएटरचं झाकण हरवलं होतं, तिथे वैनींचा पितळी डबरा बसला, ज्यात आम्ही कॉफी निववतो तो. इंजिनाची तब्येत पाहायला त्यांनी पुढच्या फळीवर आमची मान डोलावणारी तंजावरी बाहुली ठेवली. बाहुली आडवी मान हलवते आहे तोवर ठीक, ती पुढे-मागे हलवू लागली की इंजिनाच्या बुडाचे बोल्ट सैल झाले. हसू नका, निदान बरोबर निघायचं.

गाडी राजवाड्याला एक फेरी घालायची आणि देवळाच्या वळणावर हटकून बंद पडायची. अण्णा शांतपणे खाली उतरत. "बिघडली नव्हे," ते सांगत, "विचार करते आहे." मग विचार करणारी गाडी सगळी गल्ली मिळून घरी ढकलून आणी. ढकलायला वैनीही पदर खोचून येत. बसायला मात्र कधीही नाही. "सवतीच्या मांडीवर कोण बसतो?" म्हणत.

आणि मग वैनींना पक्षाघात झाला.

उजवं अंग गेलं. बोलणं गेलं म्हणता म्हणता थोडं परत आलं, चार-दोन शब्दांपुरतं. आधाराची काठी डाव्या हातात घेऊन त्या ओसरीपर्यंत येत आणि रस्त्याकडे पाहत बसत. जिची जीभ आख्ख्या गल्लीला पुरून उरे, तिला नुसतं बसलेलं पाहणं फार जड जाई हो. मी रोज जाऊन काहीबाही बडबडत असे. घरी आले की रडत असे.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. ओरत्तनाडूला, छत्राच्या धर्मशाळेमागच्या गल्लीत, त्यांची थोरली बहीण राहते, तुळसाक्का. आईमागे तिनंच वैनींना वाढवलं. तिचे गुडघे गेलेले, तिला बस चढवेना की मोटारीत वाकून शिरवेना, म्हणून ती येऊ शकत नव्हती. वैनी म्हणत, "अक्का." परत थोड्या वेळानं, "अक्का."

अण्णांनी भाड्याची गाडी आणली. वैनींना त्या दारातून वाकून आत शिरता येईना. ड्रायव्हर, अण्णा आणि शेजारचे दोघे, सगळ्यांनी मिळून त्यांना पोतं उचलावं तसं उचललं. पातळ गुडघ्यापर्यंत सरकलं, केस सुटले, आणि सगळी गल्ली उभी राहून पाहत होती. वैनींनी डाव्या हातानं दाराची चौकट धरली ती सोडेनात. डोळ्यांतून पाणी, आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "मज. उचलू. नका." त्यांना परत ओसरीवर आणून बसवलं. त्यानंतर कुठलीही गाडी दाराशी थांबली की त्या तोंड भिंतीकडे करीत.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी करवत काढली आणि सवतीची डावी सीट कापली.

मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं. मग पाहते तर ओसरीवर विटा आणि फळ्या रचलेल्या, त्यावर वैनी बसलेल्या, आणि अण्णा टेप घेऊन त्यांच्या पुढ्यात. "आता ऊठ पाहू." वैनी उठू शकल्या नाहीत. अण्णांनी आणखी एक फळी घातली. "आता?" हे रोज संध्याकाळी चाले. कुठल्या उंचीवरून ही बाई कुणाचा हात न धरता उठते आणि कुठल्या उंचीवर बसते, ते त्यांना हवं होतं. जन्मभर कालव्याची दारं जेवढ्यास तेवढी वर करण्यात गेलेला माणूस तो. शेवटी एका संध्याकाळी वैनी काठी टेकून आपल्या आपण उभ्या राहिल्या. अण्णांनी टेपवर बोट धरलं ते किती तरी वेळ काढलंच नाही.

त्या उंचीवर नवी सीट बसली. तिच्याखाली फिरतं चाक. सीट दाराकडे वळे, तिच्यावर पाठ करून बसायचं, मग सीट हळूच आत फिरे. दार रुंद केलं. एवढ्या उंचीवर वारा तोंडावर येणार, म्हणून जीपची काच आणून बसवली. एका बाजूला रस्त्याला टेकलेले अण्णा, दुसऱ्या बाजूला सिंहासनावर वैनी. गाडीचा पार तमाशा झाला.

कोइमतूरहून जुन्या गाड्यांचे दोन शौकीन ती पाहायला आले होते. त्यांनी डोक्याला हात लावले. एक म्हणाला, "सर, तुम्ही हिची वाट लावलीत. अशी गाडी ओरिजिनलच ठेवायची असते." अण्णांनी त्यांना कॉफी दिली. ओसरीकडे बोट दाखवून म्हणाले, "मालकीणच ओरिजिनल राहिली नाही. गाडीनं राहून काय करायचं?" शौकीन कॉफी संपवून गेले. वैनी हसत होत्या. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होत्या.

काम पुरं झालं ते नेमकं आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं आणि वाहनं पूजेला बसतात. गंध, कुंकू, हार, चाकाखाली लिंबू. आणि पूजेला बसलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावायचं नाही. पान्हे नाहीत, सुरी नाही, गाडी नाही. सगळं दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, मुहूर्तानं हाती घ्यायचं.

पूजा झाली. सगळ्या हत्यारांना कुंकू लागलं, सवतीला झेंडूचा हार पडला. मी प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल घेऊन गेले होते. तेवढ्यात वैनी काठी टेकत ओसरीच्या पायरीवरून खाली आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. गाडीपाशी गेल्या, पाठ केली आणि बसल्या. आपल्या आपण बसल्या. अण्णांनी सीट फिरवली. वैनी समोर पाहून म्हणाल्या, "अक्का."

अण्णांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. म्हणाले, "आज नको, अंबू. आज गाडी पूजेत आहे. उद्या विजयादशमी, चांगला दिवस. उद्या पहिली फेरी अक्काकडे."

वैनींनी मान डोलावली. वर मीही म्हटलं, खरंच, उद्याच जा. कुणीही तेच म्हटलं असतं.

विजयादशमीच्या पहाटे वैनींना दुसरा झटका आला. कोलमाची रांगोळी घालायला दार उघडायच्या आधीच सगळं संपलं होतं. जिनं 'मज उचलू नका' म्हटलं, तिला चौघांनी उचललंच. सवत दारात उभी होती, हारासकट. अण्णा तिच्याकडे पाहायला तयार नव्हते. तुळसाक्कांना कळवलं, पण त्यांना धाकटीचं तोंड पाहायलाही येता आलं नाही.

पुढलं वर्षभर सवतीखालून खुट्टसुद्धा आवाज आला नाही. पोस्टमन दाराशी येऊन पत्र ओसरीवर ठेवी आणि जाई.

वर्ष भरत आलं, तसे गाडीखालून पाय पुन्हा दिसू लागले. मयताच्या वर्षात त्या घरात सण नसतो. सारी गल्ली आयुधपूजेच्या गडबडीत, दारोदार स्कूटरी आणि रिक्षा हार घालून उभ्या, आणि सकाळी अण्णा माझ्या दाराशी आले. "उद्या अंबूचं वर्षश्राद्ध. अक्काला आणायला जातों. चलतेस?"

मी म्हटलं, "अण्णा, आज? आज कुणी वाहन काढतं का?"

"मज यंदा सण नाही," ते म्हणाले. "मग मज कोण अडवतो?"

मी वैनींच्या सीटवर बसले. मी उंच, त्या ठेंगण्या. माझे गुडघे पुढच्या फळीला लागत होते, डोकं काचेच्या वर, आणि केसांचं पार घरटं झालं. रस्ता रिकामा होता. सवत देवळाच्या वळणावरही विचार करायला थांबली नाही, बाहुली आडवीच मान हलवत होती.

तुळसाक्कांच्या घरी पूजा नुकतीच आटोपलेली. विळीला, किसणीला, सुनेच्या शिवणयंत्राला कुंकू. तुळसाक्का काठी टेकत दारात आल्या. तोच बांधा, तीच मान. मला पाहवेना, मी दुसरीकडे बघू लागले. त्यांनी गाडी पाहिली आणि म्हणाल्या, "भावोजी, आज वाहन काढलंत? मी उद्या पहाटे येतें. उद्या न्यायला या. आज चांगलं दिसत नाही."

अण्णांनी सीट दाराकडे फिरवली. नेसलेल्या वेष्टीच्या टोकानं ती पुसली. पुन्हा पुसली.

"अक्का," ते म्हणाले, "उद्या म्हणू नका."

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. तुळसाक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग आत वळून सुनेला एवढंच म्हणाल्या, "माझी पिशवी दे." हळूहळू पायरी उतरल्या, गाडीकडे पाठ केली आणि बसल्या. अण्णांचा हात पुढे झाला होता, त्याची गरज पडली नाही. सीट आत फिरली.

"उंची बरोबर आहे?" अण्णांनी विचारलं.

"अंबूच्या मापाची ना? मग मज बरोबरच."

दोघांपुरतीच गाडी, तेव्हा मी टाउन बसनं परतायचं ठरलं होतं. मी बाजूला झाले. अण्णा आपल्या जागी बसले, किल्लीला हात लावला, पण फिरवली नाही. दोन्ही हातांनी चाक धरून मान खाली घातली. खांदे हलत होते. वर्षात ते रडलेले कुणी पाहिले नव्हते. शेजारी लोक जमू लागले, सून पुढे झाली, तिला तुळसाक्कांनी हातानंच थांबवलं.

"सावकाश निघा," त्या म्हणाल्या. "मी बसलें आहे."