न हलणाऱ्या गाडीची चाके

टायर धुण्याचे औषध विकत घेण्यापूर्वी त्याचा एक थेंब स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूस लावून, दुकानातल्या स्टुलावर पंधरा मिनिटे डोळे मिटून बसणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी, अण्णा म्हसे. पहिल्या वेळी दुकानदार घाबरला. म्हाताऱ्याला भोवळ आली असे समजून त्याने पाण्याचा तांब्या आणला. अण्णांनी डोळे न उघडताच त्याला दटावले, "पानी ठिव बाजूला. आन् बोलू नको. औषध बोलतंय."

अण्णांचे सारे आयुष्य राहुरीत, माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून गेले. शेतकरी पिशवीतून माती आणीत. अण्णा ती पाण्यात ढवळून, निवळू देऊन, लिटमसचा कागद बुडवून तिचा स्वभाव विचारीत. निवृत्तीनंतर माती सुटली, कागद सुटला नाही. कुणी काहीही सांगो, अण्णांचे उत्तर ठरलेले: "माझं काय ऐकता? कागदाला इचारा." कागदावर माझाही विश्वास आहे. मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. परंतु माझा कागद सहीशिक्क्याचा असतो, आणि तो बुडवायचा नसतो.

टायर आणि रिमा ह्या विषयावर अण्णांची मते ऐकताना वेळेचे भान राहत नसे. बाजारात मिळणारे जहाल औषध रिमेवरची काळी भुकटी क्षणात काढते, पण त्यात तीव्र आम्ल वा अल्क असते. ते रिमेची कांती खाते आणि धुणाऱ्याचे हातही. चाक तापलेले असताना औषध लावू नये. आधी टायर, मग रिम, आणि दोघांचा ब्रश वेगळा. पाण्यात विरघळणारे पॉलिश घ्यावे, तेलकट घेऊ नये. महामार्गावरच्या वॉशिंग सेंटरमध्ये एका तरुणाला टायरवर डिझेलचे फडके फिरवताना पाहून अण्णा भर रस्त्यात कडाडले होते, "डिझेल मारतो व्हय टायरला? चार दिस चकाकतंय, मंग रबर उलतं! तुझ्या टाचा बघ जरा, तशा भेगा पडत्यात!" तो तरुण खरोखरच वाकून स्वतःच्या टाचा पाहू लागला.

आता वादाचा मुद्दा. ज्या गाडीसाठी हे सारे चालले होते, ती निळी, लहानशी, जुनी गाडी फाटकाबाहेर कधीच जात नसे. ती भिंतीआड, पोर्चमध्ये उभी. असे असता तिची चाके रोज धुण्याइतकी मळतात कशी? उभ्या वाहनाच्या चाकांस मळ लागण्याचे कोणतेही कारण मला सापडत नव्हते, आणि कारण नसताना केलेली कृती मला संशयास्पद वाटते.

त्यात ते पाणी. रोज पहाटे भिंतीपलीकडून ब्रशाचा खसखस आवाज येई. अर्धवट झोपेत मला वाटे, कुणीतरी फार दूरवर, कालव्याच्या पलीकडे, धुक्याने उसाची पाने पुसत आहे. मी त्या आवाजावर तरंगत राही. मग उजाडे, मी दार उघडी, आणि माझ्या पायरीशी तांबूस, फेसाळ पाण्याचा ओहोळ येऊन थबकलेला असे. कोवळ्या उन्हात तो फेस गुलाबी दिसे, त्यातला एकेक बुडबुडा आकाश घेऊन फुटे. दृश्य सुंदर होते हे मी नाकारत नाही. परंतु सौंदर्य हा बचाव होऊ शकत नाही.

मी अण्णांना पत्र लिहिले. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तरी पत्र रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवले. चौथ्या दिवशी अण्णांचे उत्तर आले, तेही रजिस्टर्ड! आत मातीच्या अहवालासारखे मांडलेले चार शब्द: "नमुना: आपल्या पायरीवरील पाणी. निकाल: ना आम्ल, ना अल्क. झाडांस देण्यास योग्य. आपली जास्वंद सुकली आहे, तिला द्यावे."

माझ्या जास्वंदीचा उल्लेख मला वर्मी लागला. मी पालिकेकडे तीन पानी तक्रार दाखल केली: 'लालसर रासायनिक सांडपाणी बेकायदेशीरपणे सार्वजनिक गटारात सोडणे.' सोबत पुरावा म्हणून त्या पाण्याची एक सीलबंद बाटली. आमच्या सौभाग्यवती, सुमनबाई, मेणबत्तीने लाख वितळवणाऱ्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्हाला नक्की त्रास कशाचा होतो? पाण्याचा, की अण्णा तुमच्या आधी उठतात ह्याचा?"

मी बाटलीच्या बुचावर शिक्का दाबला. प्रश्न अप्रस्तुत होता.

पालिकेने दखल घेतली. गुरुवारी सकाळी निरीक्षक येऊन पंचनामा करतील आणि आरोप खरा ठरल्यास घरी गाडी धुण्यास मनाई करतील, असे कळवले. त्याची प्रत अण्णांनाही गेली. बुधवारी संध्याकाळी अण्णा प्रथमच माझ्या पायऱ्या चढून आले. हातातला कागद नीट घडी घातलेला होता.

"शिरस्तेदार, येक इनंती हाय. दुपारी बंदी घाला, रातच्याला घाला. सकाळची तेवढी येक बादली राहू द्या."

"सकाळचीच का?"

"सकाळीच लागती."

"कारण लेखी द्या. मी विचार करीन."

अण्णांनी मनगटाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "लेखी न्हाई देता येत. लेखी दिलं की ते पक्कं व्हतंय."

एवढे बोलून ते पायऱ्या उतरले. मला त्या वाक्याचा राग आला. उभ्या हयातीत मी ज्यावर जगलो, नेमके तेच त्यांनी नाकारले होते.

एरवी सातला मी कालव्याकाठी फिरायला जातो आणि तिथून वाचनालयात. वर्तमानपत्रांतून त्या दिवशी कशाचा निषेध करायचा ते ठरवून नऊला परततो. त्या गुरुवारी मात्र मी गेलो नाही. निरीक्षक येण्यापूर्वी पुरावा नष्ट होऊ नये म्हणून पावणेआठलाच अण्णांच्या फाटकात शिरलो. धुके अजून उठले नव्हते. निळी गाडी त्यात अशी उभी होती की जणू ती जमिनीवर टेकलेलीच नाही. चाके ओली, काळीभोर. एवढी नवी की रबराचा दुकानातला वास यावा. पहाटेच धुतलेल्या चाकांवर पुन्हा एकदा स्वच्छ पाणी ओतून अण्णा शेवटच्या चाकापाशी उकिडवे बसलेले. रिमेवरून ओघळणारे पाणी त्यांनी बोटावर घेतले आणि ते बोट स्वतःच्या मिटलेल्या पापणीवर फिरवले. मग तसेच थांबले.

मनगट मी समजू शकत होतो. पापणी का?

इतक्यात आतले दार उघडले. अण्णांच्या पत्नी, इंदूवहिनी, बाहेर आल्या. त्यांचे गुडघे धरले आहेत, म्हणून त्या बाहेर पडत नाहीत, असे आम्ही ऐकून होतो. गुडघ्यांना काहीच झालेले दिसत नव्हते. हिरवे, जरीचे लुगडे, हातात ताट. ताटात हळद, कुंकू, निरांजन, लिंबे.

"अगं बाई! आली का वो गाडी?"

"आत्ताच आली," अण्णा उभे राहत म्हणाले. "शोरूमवाला सोडून गेला बघ."

"आन् मला हाक न्हाई मारली? लई घाई तुमाला!"

वहिनींनी गाडीला सावकाश प्रदक्षिणा घातली. प्रत्येक चाकाला हळद लावली, कुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले. आणि प्रत्येक वेळी दोन्ही तळवे टायरवर टेकवून ते आपल्या डोळ्यांना लावले.

दोन्ही डोळ्यांना. चारही वेळा.

माझ्या हातात माझ्या तक्रारीची प्रत होती. ती मी पाठीमागे धरली.

वहिनींचे लक्ष माझ्याकडे गेले. "ह्ये कोन?"

"शेजारचे. शिरस्तेदार."

"नवे राहायला आले व्हय? बरं झालं, चांगल्या दिवशी आले." आम्ही अठरा वर्षे शेजारी होतो. त्यांनी माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. "त्वांड ग्वाड करा, भाऊ. कशी हाय गाडी?"

आमच्या घरात वाहनाची पूजा होत नाही. वडिलांनी धम्म स्वीकारला, तेव्हापासून लिंबू-कुंकू सुटले. हात जोडण्यापूर्वीही विचार करावा अशी त्यांची शिकवण होती. मी विचार केला. मग साखर तोंडात टाकली आणि म्हणालो, "उत्तम आहे, वहिनी. अभिनंदन."

वहिनी आत गेल्यावर अण्णा बोनेटला टेकून उभे राहिले. दोन वर्षांपासून वहिनींची आठवण पुसत चालली होती. मुलाचे नाव गेले, गल्ली गेली. एक दिवस मात्र राहिला, गाडी घरी आली तो. रोज सकाळी त्या त्याच दिवशी जाग्या होतात.

"येकदा माझी हयगय झाली," अण्णा म्हणाले. "आदल्या दिवशीचं कुंकू चाकाला तसंच ऱ्हायलं. तिनं बघितलं आन् म्हनली, ही दुसऱ्या कुनाची तरी गाडी हाय, आपली कुठंय? सांजपतुर रडत व्हती, शिरस्तेदार. आख्ख्या घरात गाडी हुडकत व्हती. कपाटातसुदिक."

"आणि पापणी?"

"पयल्यांदा वॉशिंग सेंटरचं जहाल औषध आनलं. दोन दिवस तिचं डोळं लाल. तवापसनं आधी माझी पापनी." ते जरासे हसले. "आता तर कागदबी लागत न्हाई. औषधात अल्क आसलं की हळद लाल पडती. तिची हळद पिवळीच ऱ्हायली, की समजायचं, बरं हाय."

मी वाकून पाहिले. ओल्या, काळ्या रबरावर हळद पिवळीधमक होती.

निरीक्षक साडेआठला आले. मी त्यांना फाटकातच गाठले आणि तक्रार मागे घेत असल्याचे लिहून दिले. त्यांनी कागद उलटसुलट केला. "साहेब, तक्रार तीन पानी अन् माघार एका ओळीत?"

"मजकूर तेवढाच आहे," मी म्हणालो.

"मग ती बाटली? हापिसात टेबलावर हाय ती."

"जास्वंदीला घाला."

माझा संताप कमी झाला असे कुणी समजू नये. तो योग्य पत्त्यावर वळला आहे. टायरच्या औषधाच्या बाटलीवर चमकदार मोटारीचे चित्र ठळक छापायचे आणि आत काय आहे ते मात्र छापायचेच नाही, हा ग्राहकाचा उघड अवमान आहे. मी कंपन्यांना पत्रे लिहितो: आपल्या द्रावणात आम्ल वा अल्क आहे काय? असल्यास किती? डोळ्यांस अपाय होतो काय? होय किंवा नाही, एवढ्यातच उत्तर द्यावे. बहुतेक कंपन्या उत्तर देत नाहीत. त्यांना मी स्मरणपत्रे पाठवतो. अण्णा ती वाचतात आणि म्हणतात, "लई कडक लिवता तुमी. आम्ल जास्त झालंय." मग मी एखादे विशेषण खोडतो.

फिरायला मी आता सव्वाआठनंतर जातो. पावणेआठला फाटकात उभा असतो. वहिनी विचारतात, ह्ये कोन? अण्णा सांगतात. वहिनी साखर देतात. "गाडी आजच आली बरं का, भाऊ."

न्यायालयात मी हजारो लोकांना खरे बोलण्याची शपथ घेताना ऐकले आहे.

"हो," मी म्हणतो. "आजच. मी येताना पाहिली."

मग वहिनी थोड्या पुढे येतात आणि आवाज खाली आणून सांगतात, की उद्या भंडारदऱ्याला जायचे आहे, अण्णांनी कबूल केले आहे. गाडीत जागा आहे, तुम्हीही चला, पण त्या बाजूला पाऊस फार, छत्री घ्या. मी येतो म्हणून सांगतो. त्या खुशीत आत जातात. अण्णा खाली बसून बादली उचलू लागतात आणि माझ्याकडे पाहत नाहीत.

छत्री मी दाराशी काढून ठेवली आहे. ती उचलून आत ठेवू का, असे सुमनबाईंनी एकदा विचारले. मी म्हणालो, राहू दे. उद्या लागेल.